मुरमाची टेकडी आणि राखेची टेकडी

दिवाळीनंतर पुतण्या परभणीला आला होता. म्हणाला, "काका, चला, गावाकडं एक चक्कर मारून येऊ." त्याची गाडी, रस्ता गुळगुळीत, हवा छान. गंगाखेड मागे टाकून आम्ही गावाच्या फाट्याला वळलो आणि सवयीने माझी मान उजवीकडे वळली. तिथे काहीच नव्हते. म्हणजे एक मोठा खड्डा होता, त्यात हिरवे पाणी आणि कडेला वेड्या बाभळी. मी म्हणालो, "इथं आपली टेकडी होती." पुतण्या म्हणाला, "कुठली टेकडी, काका?"

तो स्थापत्य अभियंता आहे, रस्त्यांचीच कामे करतो. त्याचा जन्म परभणीचा, त्यामुळे त्याने टेकडी पाहिलेली नाही हे खरे. पण त्या प्रश्नाने मला रात्री झोप लागली नाही. म्हणून हे लिहायला बसलो. विषय रूक्ष वाटेल, मुरूम, राख आणि रस्ता. पण माझ्या अर्ध्या आयुष्याची गोष्ट त्यात आहे, म्हणून जरा धीर धरून वाचा.

आधी रस्त्याबद्दल. आपला जिल्हा काळ्या मातीचा. कापूस, ज्वारी, तूर, काय पेराल ते येते. पण ही माती पिकाला आई आणि रस्त्याला वैरीण. उन्हाळ्यात तिला कोपरापर्यंत हात जाईल अशा भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते. फुगणे आणि आकसणे हा तिचा स्वभावच आहे. तिच्यावर नुसता दगड टाकला तर चार पावसाळ्यांत तो पोटात घेते. म्हणून रस्ता करायचा तर आधी काळी माती आणि खडी यांच्यामध्ये न फुगणाऱ्या मालाचा जाड थर हवा. आपल्याकडे तो माल म्हणजे मुरूम. आणि मुरूम मिळतो टेकडीत. गंगाखेडच्या दक्षिणेला बालाघाटाच्या रांगा सुरू होतात, त्यामुळे आमच्या भागात टेकड्यांना तोटा नव्हता.

निजामाच्या राज्यात मोठ्या गावांना जोडणाऱ्या सडका होत्या. १९३२ च्या जूनमध्ये निजामाच्या रेल्वेने मोटार खातेही सुरू केले. २७ गाड्या आणि १६६ माणसे एवढाच त्याचा पसारा होता. पण सडक सोडली की खेड्यांच्या वाट्याला गाडीवाटच. तिकडे ब्रिटिश मुलखात १९२७ साली आपले बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली रस्त्यांसाठी समिती नेमली गेली. तिच्या अहवालातून पुढे रस्त्यांचा मध्यवर्ती निधी उभा राहिला आणि १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था निघाली. १९४३ साली नागपूरला देशभरातले मुख्य अभियंते जमले. त्यांनी वीस वर्षांची योजना आखली. शेतीच्या सुपीक भागातले कुठलेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांपेक्षा लांब नसावे, असे त्यांनी ठरवले. कागदावर आमचे गाव या हिशेबात बसतही होते. चारच मैल. पण चार मैल कशाचे, ते कागदावर लिहिलेले नसते.

१९६४ चा श्रावण. मी चौदा वर्षांचा. माझी थोरली बहीण, आम्ही तिला अक्का म्हणायचो, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. रात्री तिला त्रास सुरू झाला. सुईणीने हात टेकले. अण्णांनी बैलगाडी जुंपली, गादी टाकली आणि आम्ही सडकेकडे निघालो. मी कंदील धरून पुढे. दीड मैलावर गाडी आसापर्यंत रुतली. दोन बैल, अण्णा, मी आणि आणखी दोन गडी, सगळ्यांनी जोर लावला. चाक निघाले की दहा पावलांवर पुन्हा रुते. उजाडले तेव्हा आम्ही अजून चिखलातच होतो. अक्का वाचली, बाळ गेले. ती पुढे कधी या विषयावर बोलली नाही, आम्हीही विचारले नाही. पण गावाला रस्ता हवा की नको असा वाद जेव्हा जेव्हा झाला, तेव्हा मला तो कंदील आठवतो. म्हणून आधीच सांगतो, रस्त्याविरुद्ध माझे काहीच म्हणणे नाही.

मग आला बहात्तरचा दुष्काळ. त्याबद्दल आपल्या पिढीने खूप लिहिले आहे, मी पुन्हा लिहीत नाही. सुकडी, अमेरिकेचा तांबडा मिलो, खडी फोडणाऱ्या बायका, हे सगळे तुम्हाला ठाऊक आहे. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. मी नुकताच मराठी माध्यमातून बी.ए. झालो होतो, नोकरी नव्हती. अक्षर बरे आणि हिशेब पक्का, म्हणून आमच्याच गावच्या रस्त्यावर मला मस्टरवर हजेरी लिहायचे काम मिळाले.

टेकडीवर टिकाव पहिल्यांदा पडला तो तेव्हा. तिच्यावर म्हसोबा होता, चार-दोन कडुलिंब होते आणि पावसाळ्यात गुरांना चारा. पोळ्याला बैल तिच्याभोवती फिरवून आणत. पण त्या वर्षी ना चारा होता ना बैल. पुरुष खणत, बाया घमेल्यांनी मुरूम वाहत आणि मी वहीत ब्रास मांडत असे. ज्यांना ब्रास ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास. टेकडीचा पूर्वेकडचा भाग माझ्या अक्षरात त्या वहीत उतरला आहे. कुणालाच वाईट वाटले नाही. का वाटावे? टेकडी आमचे पोट भरत होती आणि रस्ता देत होती. पुढे रोजगार हमीचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला, आणि असेच हजारो रस्ते मुरमाने भरले.

आता गंमत पाहा. आम्ही इकडे टेकडी खणत होतो त्याच काळात, तीसेक किलोमीटरवर परळीला दुसरी टेकडी उभी राहायला लागली होती. परळीचे औष्णिक वीज केंद्र १९७१ साली सुरू झाले. पहिले दोन संच तीस-तीस मेगावॅटचे. १९८० ते १९८७ या काळात २१० मेगावॅटचे तीन संच आले. २००७, २०१० आणि २०१६ साली २५० मेगावॅटचे आणखी तीन. जुने संच आता निवृत्त झाले आहेत, माझ्यासारखेच!

आपल्या देशातल्या कोळशात राखच फार. शंभर किलो कोळसा जाळला तर तीस-चाळीस किलो राख उरते. तिच्यातली थोडी जाड राख भट्टीच्या तळाशी पडते. उरलेली बहुतेक पिठासारखी बारीक असते आणि धुराबरोबर वर जाते. विजेच्या भाराने तिला धुरातून ओढून गोळा करतात. ही उडती राख. मग राखेत पाणी मिसळून तिचा रबडा नळांतून राखेच्या तळ्यात सोडतात. पाणी निथळते, राख साचते, बांध वर वर चढवत नेतात. तळे म्हणायचे, पण दिसायला टेकडीच.

आणि पाणी कुठले? आपलेच. सोनपेठ तालुक्यातल्या खडक्याच्या बंधाऱ्यातले, म्हणजे आपल्या गंगेचे. गंगाखेडला आम्ही गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतो. जनाबाईचे गाव हे. २०१३ च्या फेब्रुवारीत दुष्काळाने पाणी आटले तेव्हा परळीचे सगळे संच बंद ठेवावे लागले होते. तेव्हा कुठे अनेकांच्या लक्षात आले की विजेच्या दिव्यामागे नदी असते. परभणी जिल्ह्याने पाणी दिले, वीज सगळ्या राज्याला मिळाली आणि राख परळीच्या आजूबाजूच्या खेड्यांवर बसली.

माझ्या आईला राखेचा डोंगर ही कल्पनाच कळली नसती. आमच्या घरात राख कधी वाया गेली नाही. चुलीतली राख भांड्यांना, राखुंडी दातांना, चाळलेली राख बियाण्याच्या कणगीत कीड लागू नये म्हणून आणि उरली तर उकिरड्यात, म्हणजे पुढे शेतात. आमच्या जुन्या वाड्याच्या भिंतीसुद्धा चुना आणि सुरखीच्या होत्या. सुरखी म्हणजे भाजलेल्या विटांचा भुगा. विटांचे तुकडे पडले, कौले फुटली, तर ती फेकायची नाहीत. कुटायची आणि चुन्यात घालून घाणीत मळायची. त्याची पकड अशी की वाडा पाडताना मजुरांच्या पहारी वाकल्या.

सुरखीचे आणि राखेचे मर्म एकच आहे. भाजलेल्या मातीत आणि कोळशाच्या राखेत सिलिका असते. तिला चुना आणि पाणी मिळाले की हळूहळू दगडासारखा बंध तयार होतो. रोमन लोकांनी हे दोन हजार वर्षांपूर्वी ओळखले होते. नेपल्सजवळच्या पोझुओली गावची ज्वालामुखीची राख ते चुन्यात घालत. शास्त्रात अशा पदार्थांना पोझोलाना म्हणतात ते त्या गावावरूनच. म्हणजे परळीला पडून असलेली वस्तू अगदीच अनोळखी नव्हती. आमच्या गवंड्यांना तिची चुलत बहीण माहीत होती.

मग या दोन टेकड्यांची गाठ का पडली नाही? राखेच्या टेकडीने मुरमाच्या टेकडीची जागा का घेतली नाही?

गाठ पडली, पण उशिरा आणि लांब. १९९४ साली केंद्र सरकारने उडत्या राखेसाठी खास मोहीम काढली. दिल्लीतल्या केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेच्या मार्गदर्शनाखाली १९९६ च्या सुमारास ओखला उड्डाणपुलाचा भराव राखेने केला गेला. नंतर यमुनेवरच्या दुसऱ्या निजामुद्दीन पुलाच्या पोचरस्त्याला १.८ किलोमीटर लांबीचा राखेचा भराव झाला. २००१ साली इंडियन रोड्स काँग्रेसने रस्त्याच्या भरावात राख कशी वापरावी याची पुस्तिकाच काढली. पुतण्याने मला पद्धत समजावून सांगितली, ती थोडक्यात अशी. राख ओलसर करून थराथराने पसरायची आणि प्रत्येक थर रोलरने दाबायचा. दोन्ही बाजूंनी आणि वरून चांगल्या मातीचे जाड आवरण द्यायचे, म्हणजे राख उडत नाही आणि पावसाने वाहत नाही. पुरणपोळीसारखे, आत पुरण राखेचे. राख मातीपेक्षा हलकी, त्यामुळे खालच्या काळ्या मातीवर भार कमी. पाणी तिच्यातून निथळते, म्हणून पाऊस थांबला की काम लवकर सुरू करता येते. शिवाय काळ्या मातीत चुना आणि राख मिसळली तर तिचे फुगणेही कमी होते. म्हणजे आमच्या वैरिणीवरचे औषध तीसेक किलोमीटरवर फुकट पडून होते.

फुकट हा शब्द मी उगाच वापरत नाही. १४ सप्टेंबर १९९९ च्या केंद्राच्या अधिसूचनेने वीज केंद्रांनी दहा वर्षे राख विनामूल्य द्यावी असे ठरवले. २००३ च्या दुरुस्तीत, केंद्रापासून शंभर किलोमीटरच्या आत रस्त्याचे भराव करणाऱ्यांनी राख वापरावी असे आले. परळीपासून शंभर किलोमीटर म्हणजे आपला बहुतेक जिल्हा आलाच की!

२००४ साली आमच्या गावचा रस्ता रुंद करून डांबरी करायचे ठरले. टेकडीचा निम्मा भाग तोवर उरला होता. मी तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होतो. सातवीच्या वर्गाला गणित घातले. रस्ता सहा किलोमीटर, रुंदी सात मीटर, थर अर्धा मीटर, तर मुरूम किती ब्रास? एका किलोमीटरला ३५०० घनमीटर, म्हणजे बाराशे ब्रासच्या वर. सहा किलोमीटरला सात हजार चारशेच्या आसपास. एक मुलगा म्हणाला, "गुरुजी, मग टेकडी उरतीच कुठं?"

वर्तमानपत्रातले कात्रण घेऊन मी एका कार्यालयात गेलो. साहेब सज्जन होते, त्यांनी मला बसवले, चहा दिला. म्हणाले, "गुरुजी, तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण मुरूम दोन किलोमीटरवर आहे आणि राख तीस. राख फुकट, पण ट्रकचं भाडं फुकट नाही. आणि अंदाजपत्रकात राख धरलेलीच नाही." मी वाद घालू शकलो नाही. रुपयांचा हिशेब त्यांचाच बरोबर होता. त्यात खणाई होती, वाहतूक होती, मुरमाचे स्वामित्वधन होते. टेकडीची किंमत मात्र कुठल्याच रकान्यात नव्हती. पण मी कुणाला दोष द्यावा? बहात्तर साली मी स्वतः भरलेल्या वहीतही तो रकाना नव्हता.

चहा पिऊन मी परत आलो. पुन्हा गेलो नाही. ग्रामसभेत विषय काढला नाही, अर्ज केला नाही. शाळा, परीक्षा, मुलीचे लग्न, कारणे पुष्कळ होती. दोन उन्हाळ्यांत जेसीबीने टेकडी संपवली. म्हसोबाला फाट्यावर नवा चबुतरा बांधून दिला.

हे सगळे पुतण्याला सांगितले तेव्हा तो एक गोष्ट म्हणाला, ती इथे लिहिली पाहिजे, नाहीतर लेख एकांगी होईल. "काका, राख म्हणजे काही तुमच्या आजीची राखुंडी नाही. तिच्यात जड धातूंचे अंश असतात. उघडी टाकली तर फुफ्फुसात जाते, पाण्यात मुरली तर विहिरीत जाते. रस्त्याच्या पोटात नीट बंद केली तर ती गुणाची. अर्धवट झाकली तर परळीचा त्रास आपण गावोगाव वाटला असं होईल." त्याचे खरे आहे. मी स्वतः एका रस्त्याच्या कडेला उघडे टाकलेले राखेचे ढीग आणि त्याखाली पांढरी पडलेली तूर पाहिली आहे. झाकपाक न करता वाहून नेल्या जाणाऱ्या राखेच्या ट्रकांमागे दुचाकीवरून जाण्याचा अनुभव परळी-गंगाखेड रस्त्यावर अनेकांनी घेतला असेल. फुकट वस्तूला किंमत आली की तिच्याभोवती भांडणेही येतात. परळीच्या राखेच्या बेकायदा उपशाच्या बातम्या अलीकडे आपण सगळ्यांनी वाचल्याच.

तरी चित्र बदलले आहे हे मान्य केले पाहिजे. १९९६-९७ साली देशात जवळजवळ ६ कोटी ९० लाख टन राख निघाली आणि तिच्यातली दहा टक्केसुद्धा वापरली गेली नाही. २०२०-२१ साली २३ कोटी टनांहून अधिक निघाली आणि सरकारी आकड्यांप्रमाणे नव्वद टक्क्यांच्या वर वापरली गेली. मोठा वाटा सिमेंटचा, पण रस्ते आणि भरावही त्यात आहेत. आपल्या राज्यात घाटघरच्या धरणाच्या काँक्रीटमध्ये राख आहे. मदुराईचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी टाकाऊ प्लास्टिक खडीवर चढवून डांबरी रस्ते केले, २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. सुरतेजवळ हजिऱ्याला २०२२ साली पोलाद कारखान्याच्या मळीपासून सहापदरी रस्ता झाला, त्यात सुमारे एक लाख टन मळी गेली. एक लाख टन! तेवढी एखादी टेकडी कुठेतरी वाचली असेल. आपल्या शेजारी जालन्यात पोलादाच्या भट्ट्या आहेत, मळी तिथेही निघतेच.

परत निघताना पुतण्याने त्या खड्ड्यापाशी गाडी थांबवली, मी न सांगता. उतरून काठापर्यंत गेला, खाली पाहिले. मग मला विचारले, "काका, किती उंच होती?" मला फुटांत सांगता येईना. म्हणालो, "शाळेतून सुटल्यावर वर पळत गेलो की धाप लागायची आणि वरून गंगेचं पाणी चमकताना दिसायचं." तो काही बोलला नाही. गाडीत बसल्यावर म्हणाला की पुढच्या कामाचे अंदाजपत्रक तो करतो आहे, त्यात राखेचा पर्याय तो मांडून बघणार आहे. मंजूर होईल न होईल. मी म्हणालो, "मांडून तर बघ. मी चहा पिऊन परत आलो होतो."

असो. आमच्या पिढीला रस्ता हवा होता आणि तो मिळाला. अक्काच्या नातीच्या बाळंतपणाला रुग्णवाहिका वीस मिनिटांत दारात आली, ती त्याच मुरमावरून. हे विसरून टेकडीसाठी रडणे कृतघ्नपणाचे होईल. पण दोन्ही झाले असते, रस्ताही आणि टेकडीही, हे आता कळल्यावर गप्प बसणेही बरे नाही. तुमच्या गावच्या रस्त्याच्या पोटात कुठली टेकडी आहे, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना एकदा विचारा. नाव सांगतील. आमच्या टेकडीला म्हसोबाची टेकडी म्हणत.